चौथा राजा

खेळ काढला तो दुर्रीने. कुणी सुचवलं नव्हतं, कुणी आग्रह केला नव्हता. मेस्त्रींच्या निरोपाच्या पार्टीत सगळे आपापला ग्लास धरून गुण्यागोविंदाने बसले होते, दाजींच्या हातात साधा सोडा होता, आणि या शहाण्याने खुर्ची पुढे ओढून म्हटलं, "नुसतं पीत काय बसायचं? मी एक खेळ शिकवतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की हात दुर्रीने दाखवला आणि अवलक्षण दाजींच्या वाट्याला आलं.

दुर्री हे माणसाचं नाव आहे. म्हणजे नाव वेगळं आहे, पण ते पगाराच्या सहीपुरतंच लागतं. पत्ते छापायच्या कारखान्यात तो तपासणीच्या टेबलावर बसतो. छापून, कापून, रचून आलेला प्रत्येक कॅट हातात घ्यायचा, पंख्यासारखा उलगडायचा, एक नजर फिरवायची, मिटायचा, पुढच्या ट्रेमध्ये टाकायचा. कामाला लागला त्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून इस्पिकच्या दोन दुर्र्या असलेला कॅट बाहेर गेला. गिऱ्हाइकाने तो परत पाठवला. छपाईचं खातं सांभाळणाऱ्या मेस्त्रींनी जास्तीची दुर्री त्याच्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवली, आणि माणसाचं बारसं झालं. त्यानंतर त्याच्या हातून एकही खोटा कॅट गेला नाही. पण टोपणनाव डांबरासारखं असतं, खरवडलं तर कातडी निघते, ते निघत नाही.

ही नोकरी त्याला दाजींनी लावली होती. दाजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा दुर्रीला ताईनेच वाढवलं, आणि लग्न होऊन गेली तेव्हा भांड्यांबरोबर भाऊही घेऊन गेली. दाजींनी एका शब्दाने विचारलं नाही, की हे गाठोडं किती दिवस. उलट कारखान्यात नेलं, टेबलाशी बसवलं आणि पानं उलगडायला शिकवली. "बोटांनी नाही रे, मनगटाने. पानं आपण होऊन पसरली पाहिजेत. तू फक्त वाट दे."

दाजी रंगाच्या मशीनवर होते. लाल, पिवळा, निळा, काळा, चारी रंग एकमेकांवर असे बसायचे की राणीच्या ओठाबाहेर लालाचा ठिपका सापडायचा नाही. मग दाजी प्यायला लागले. आधी सुट्टीच्या दिवशी, मग सुट्टी संपली म्हणून, मग सुट्टी लांब आहे म्हणून. हात थरथरायला लागला तशी मशीनही थरथरली. राण्यांचे ओठ गालावर आले. मेस्त्री पहिल्यांदा हसले, म्हणाले, "राणीचं कुठेतरी लफडं दिसतंय." दुसऱ्यांदा हसले नाहीत. तिसऱ्यांदा अख्खा छापलेला माल रद्दीत गेला आणि दाजी मशीनवरून उतरून डब्यांच्या खात्यात आले. तिथे पुठ्ठ्याच्या डब्या घडी घालून गोंदाने चिकटवायच्या. ज्या माणसाने राजे रंगवले तो राजांची घरं बांधायला बसला. हे वाक्य दाजींचंच. स्वतःवर विनोद करण्यात त्यांचा हात कधी थरथरला नाही.

या थंडीच्या सुरुवातीला त्यांनी पिणं सोडलं. कसं सोडलं हे कुणी विचारू नये. ताईचे डोळे पाहिले तर कळायचं. उन्हाळा आला तरी सुटलेलं सुटलेलंच राहिलं. आणि मेस्त्रींनी निवृत्त होऊन मुलीकडे राहायला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी दाजींसाठी मालकांकडे शब्द टाकला, की मशीन पुन्हा त्यालाच द्या, त्याच्याइतका डोळा दुसऱ्याला नाही. मालक म्हणाले, तुमच्या भरवशावर देतो, बघा बुवा. मेस्त्रींनी दाजींना निरोप धाडला: "पार्टीला ये. मशीनची चावी मी तिथे सगळ्यांसमोर तुझ्या हातात देणार. लोकांनी बघू दे हात सरळ आहे ते."

त्या दिवशी सकाळी ताई दाजींचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. पगार लागल्यावर घेतलेल्या आपल्या खोलीवरून आलेला दुर्री दाराला टेकून उभा होता. इस्त्रीवरची नजर न काढता ती म्हणाली, "नेतोयस ना ह्यांना?"

"मेस्त्रींनी बोलावलंय ताई. चावी द्यायचीय."

"ते माहितीये मला. तिथे ते असणारच ना."

"असेल. पण मी असेन की बाजूला."

ताईने कॉलर उलटी केली, आतूनही इस्त्री फिरवली. "हे बघ. जसे नेतोस तसे परत आणून दे. तसे नसतील तर आणू नकोस. मी दार उघडायची नाही. आरडाओरडा करणार नाही, रडणार नाही, आणि दारही उघडणार नाही. तिन्ही गोष्टी संपल्यात माझ्याकडच्या."

"अगं, असं काय बोलतेस?"

"मी तुला सांगितलं. ह्यांना नाही सांगत. त्यांना सांगून झालंय."

आतल्या खोलीतून दाजींचा आवाज आला, "शर्ट झाला का गं?" परीक्षेला निघालेल्या पोराचा असतो तसा.

मेस्त्रींच्या घरातलं सामान निम्मं बांधून झालं होतं. भिंतीवर फोटोंच्या चौकटी काढलेल्या जागी फिकट चौकोन, कोपऱ्यात दोरीने आवळलेल्या गाद्या, खोक्यांची उतरंड, आणि मध्ये टेबल-खुर्च्या तेवढ्या सामान म्हणून शिल्लक. मेस्त्रीणबाई शेजारणींचा निरोप घ्यायला गच्चीवर गेल्या होत्या. टेबलाभोवती पाचच माणसं. मेस्त्री, दाजी, दुर्री, पत्ते कापायच्या मशीनवरचा कात्री, आणि चित्रं काढणारी मुलगी, जिला सगळे रेघ म्हणायचे. कात्री हा तोंडाने मशीनपेक्षा जास्त कापायचा, म्हणून ते नाव. रेघेचं नाव का पडलं ते ती उभी राहिली की कळायचं.

भेट म्हणून सगळ्यांनी मिळून मेस्त्रींसाठी एक कॅट छापला होता. रेघेने त्यातल्या चारही राजांना मेस्त्रींचा चेहरा दिला होता, टक्कल आणि मिशीसकट. बदामच्या राजाला एरवी मिशी नसते, हे पत्ते खेळणाऱ्याला आयुष्यभर दिसत नाही आणि पत्ते छापणाऱ्याला पहिल्या दिवशी दिसतं. रेघेने त्यालाही मिशी लावली होती. मेस्त्रींनी पानं पाहिली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. "आता मुलगी म्हणेल, बाबा, चार-चार तुम्ही कुठे ठेवू," ते म्हणाले. छाप काढून झाल्यावर प्लेट पुसून टाकली होती. असा कॅट जगात एकच.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण दुसऱ्या ग्लासानंतर कात्रीची कात्री चालू झाली. "दाजी, आज तरी एक घोट. मेस्त्री काय रोज निवृत्त होतात? ओठाला लावून ठेवा नुसतं."

"नको रे. माझा सोडा चांगला आहे."

"सोडा चांगला असता तर त्याची दुकानं वेगळी असती."

दाजी हसले. दुर्रीला ते हसणं ओळखीचं होतं. बाहेरून ढकललं जाणारं दार आतून धरून ठेवणारा माणूस असा हसतो. दुर्रीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच्या डोक्यात उजेड पडला की सहसा काहीतरी फुटतं. त्याला वाटलं, कोण कधी पिणार हे पत्त्यांनीच ठरवलं तर आग्रहाला जागाच उरत नाही. दाजींच्या पाळीला दाजी सोडा पितील, कात्री स्वतःच्या ग्लासात गुंतेल. आणि असा खेळ त्याला येत होता. येत होता म्हणजे, बाहेरच्या एका गिऱ्हाइकाने सहा महिने तोच माल छापून घेतला होता. प्रत्येक पानावर त्या पानाचा नियम छापलेला. दुर्रीने तो खेळ हजारो वेळा तपासला होता आणि एकदाही खेळला नव्हता.

"सोपं आहे," तो म्हणाला. "पत्ते पालथे घालून गोल मांडायचे. मधे मोकळी जागा ठेवायची. का ते मला माहीत नाही, पानांच्या पाठीवरच्या चित्रात तशी होती. पाळीपाळीने एकेक पान उचलायचं आणि पान सांगेल ते करायचं. उचलताना गोल तुटला तर तोडणाऱ्याने एक घोट."

"एक्का काय सांगतो?" रेघेने विचारलं.

"एक्का म्हणजे धबधबा. सगळ्यांनी एकदम ग्लास तोंडाला लावायचा. ज्याने एक्का काढला तो कधीही थांबू शकतो. तो थांबला की त्याच्या शेजाऱ्याने थांबायचं, मग त्याच्या शेजाऱ्याने."

"म्हणजे शेवटचा आडवा," कात्री म्हणाला. "मला मेस्त्रींच्या शेजारी बसू दे."

"दुर्री म्हणजे तू. ज्याच्याकडे बोट दाखवाल तो पिणार."

"दुर्री म्हणजे तू, हे आम्हाला आधीपासून माहीत आहे."

"ऐकून घे ना. तिर्री म्हणजे मी. स्वतः प्यायचं. चव्वी निघाली की सगळ्यांनी जमिनीला हात लावायचा, उशीर करील तो पिणार. पंजीला पुरुष, छक्कीला बायका."

"छक्कीला मी एकटीच? छान," रेघ म्हणाली.

"सत्तीला हात वर. तिथेही शेवटचा पिणार. अठ्ठीला जोडीदार निवडायचा. तो प्यायला की तुम्ही, तुम्ही प्यालात की तो, डाव संपेपर्यंत. नव्वीला यमक. दश्शीला एक विषय घ्यायचा, भाज्या म्हणा, रंग म्हणा, अडला तो प्यायला. गुलाम काढणारा नवा नियम करतो. राणी आली की सगळ्यांनी प्रश्नच विचारायचे, ज्याच्या तोंडून उत्तर गेलं त्याला घोट."

"आणि राजा?" मेस्त्रींनी विचारलं. चार राजांच्या धडावर आपलं डोकं असलेला माणूस आणखी काय विचारणार?

दुर्री अडला. राजाच्या पानावर मुकुट, तलवार, झूल एवढा पसारा, की नियम छापायला जागाच नव्हती. "राजाचं काही नाही," तो म्हणाला. "राजा नुसता बसून असतो."

"नाही रे," दाजी म्हणाले.

ते इतक्या हळू म्हणाले की सगळे त्यांच्याकडे वळले.

"राजाचा नियम आहे. डबीवर होता, मागच्या बाजूला."

दुर्रीने आयुष्यभर पानं पाहिली, डबी पाहिली नाही. दाजींनी गेली दोन वर्षं डब्या पाहिल्या, पान पाहिलं नाही. एकाच खेळाचे दोन तुकडे दोन खात्यांत वाटले गेले होते, आणि दुर्रीने ते त्या टेबलावर आणून जोडून दिले.

"मधली जागा पेल्याची," दाजी सांगू लागले. "मोठा पेला. पहिला राजा ज्याला येईल त्याने आपल्या ग्लासातलं त्यात ओतायचं. दुसऱ्यानेही. तिसऱ्यानेही. ज्याच्या ग्लासात जे असेल ते, सगळं एकत्र. आणि चौथा राजा ज्याला येईल त्याने तो पेला उचलायचा आणि संपवायचा. एका दमात. मग डाव संपला."

सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. दूर राहणाऱ्या मुलाबद्दल बोलताना माणसाचा होतो, तसा. हा माणूस थंडीपासून एक थेंब न पिता रोज सकाळी जाऊन तोच नियम गोंदाने चिकटवत होता.

"वा, हे झकास आहे," कात्री म्हणाला आणि पेला शोधायला उठला. भांडी खोक्यांत गेली होती. शेवटी मेस्त्रींचा ब्रश बुडवायचा जाड काचेचा मग सापडला. रेघेने तो घासून आणला आणि मधोमध ठेवला.

आता खेळ नको म्हणायची दुर्रीला सोय नव्हती. चौथा राजा दाजींना आला तर? कात्री म्हणणार, नियम म्हणजे नियम. पाच जणांत एक राजा, म्हणजे जुगारच. दुर्रीने कॅट हातात घेतला, पिसला, आणि मनगटाने टेबलावर गोल पसरला. पसरताना बदामचा राजा करंगळीखाली राहिला, आणि करंगळीखालून शर्टाच्या खिशात गेला. आयुष्य ज्याने कमी पान शोधण्यात घालवलं, त्याने पहिल्यांदा पान कमी केलं. त्याला उलट हुशारी वाटली. चौथा राजाच नसेल तर पेला कुणालाच प्यावा लागणार नाही. डोक्यात पुन्हा उजेड.

तो वाकून पसरत होता तेव्हा दाजी मेस्त्रींच्या कानाशी काहीतरी बोलले आणि मेस्त्रींनी मान डोलावली, एवढं त्याला दिसलं. काय बोलले ते ऐकायला त्याचे कान मोकळे नव्हते. सगळा जीव खिशात होता.

डाव रंगला. कात्रीला तिसऱ्याच फेरीत किल्वरचा राजा आला, त्याने अर्धा ग्लास रम मगात ओतली. रेघेने गुलाम काढून नियम केला, की कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारायची नाही. त्या नियमाने एकालाही घोट घडला नाही, कारण निम्म्यांना निम्म्यांची नावं माहीत नव्हती. दश्शीला मेस्त्रींनी रंगांची नावं धरली आणि बाकीचे अडले तरी ते एकटेच म्हणत सुटले. मग दाजींना अठ्ठी आली.

"जोडीदार निवडा," कात्री म्हणाला.

दाजींनी दुर्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "हाच की. दुसरा कोण?"

हे ऐकून दुर्रीला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. दाजी सोडा प्यायचे तेव्हा त्याला रम प्यावी लागायची. कात्रीच्या हे लक्षात आलं आणि मग त्याला एकामागून एक दुर्र्या येऊ लागल्या. प्रत्येक वेळी त्याचं बोट दाजींकडे. "दाजी, तुम्ही घ्या सोडा, बघू हा कसा तरंगतो." राखण करणाऱ्याला चढत होती आणि ज्याची राखण करायची तो शुद्धीत बसून त्याच्याकडे मायेने बघत होता.

मेस्त्रींना इस्पिकचा राजा आला. आपल्याच तोंडाकडे बघत त्यांनी बिअर ओतली. चौकटचा रेघेला आला, तिने गोड लाल वाइन ओतली. मगातला रंग असा झाला की मेस्त्रींनी नाक मुरडलं. म्हणाले, असा रंग माझ्या मशीनवर आला असता तर मी राजीनामा दिला असता. आता सगळ्यांची नजर उरलेल्या पानांवर. पान उचललं की श्वास रोखायचा, राजा नाही निघाला की सोडायचा. दाजीही रोखत होते. पानं संपत आली. शेवटचं पान कात्रीने उलटलं. चौकटची नव्वी.

सगळे दुर्रीकडे बघायला लागले.

"मी चार काढले होते," रेघ म्हणाली. "बदामचा कुठेय? त्याच्या मिशीला सगळ्यात जास्त वेळ गेला माझा."

"हा कॅट तपासला कुणी?" मेस्त्रींनी विचारलं.

"मी," दुर्री म्हणाला.

कात्री हसून हसून टेबलावर आडवा झाला. "जगभर पूर्ण कॅट पाठवले आणि घरच्या कार्याला एक राजा खाल्ला. तुला आता एक्कावन्न म्हणायला पाहिजे."

मेस्त्री हसले नाहीत. "सापडेल," ते म्हणाले. "आतल्या खोलीत मी डबी उघडली होती, तिथे पडला असेल. शोध बघू. आम्ही तोवर वर जातो. उजेड आहे तोवर फोटो काढू, मग चावीचं बघू." रेघ तो काचेचा मग मोरीत ओतायला उचलत होती. दाजी म्हणाले, "राहू दे. डाव संपला कुठेय अजून? तुम्ही व्हा पुढे, मी ग्लास गोळा करून येतो."

दुर्रीने हे ऐकलं. ऐकूनही तो आत गेला, कारण ज्याचं पान हरवलंय त्याने शोधायला जायला हवं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण त्यातल्या बिचाऱ्याला कळसा काखेत आहे हे माहीत तरी नसतं. हा गुडघ्यांवर बसून खोकी सरकवत होता, गादीखाली हात घालत होता, आणि प्रत्येक वेळी वाकलं की खिशातला राजा छातीला टोचत होता. डोकं गरगरत होतं. गादीला टेकून तो जरा बसला. जरा म्हणजे किती, ते त्यालाही सांगता येणार नाही. वर गच्चीवर लोक हसत होते. मग स्वयंपाकघरातला नळ वाहिल्याचा आवाज आला.

तो बाहेर आला तेव्हा टेबल रिकामं होतं. दाजी मोरीशी पाठमोरे उभे होते. काचेचा मग धुऊन ओट्यावर पालथा घातलेला, त्यावरून पाणी निथळत होतं.

"दाजी, पेला..."

"धुतला."

"ओतलंत ना?"

दाजींनी रुमालाने एकेक बोट पुसलं. "ओतलं," ते म्हणाले. मग रुमालाची घडी घालून म्हणाले, "आत."

दुर्री खोक्यावर बसला. दाजी त्याच्या समोर आले, वाकले आणि त्याच्या खिशावर बोटाने टिचकी मारली. कागदाचा आवाज आला.

"बदामचा ना?"

"तुम्हाला दिसलं?"

"पानं पसरायला तुला शिकवलं कुणी?"

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?"

"काय बोलणार? माझ्यासाठीच केलंस." दाजींचा आवाज शांत होता आणि त्याला तो जुना वास होता. "मेस्त्रींना मी सांगून ठेवलं होतं. राजा मला आला तर तुम्ही प्या म्हटलं. ते हो म्हणाले. दुसऱ्या कुणाला आला असता तर त्याचा तो प्यायला असता. कुणाचा तरी झाला असता ना तो. हा कुणाचाच नव्हता रे. सगळे उठून गेले आणि तो तिथे बसलेला, मी इथे बसलेलो. कुणाच्या वाट्याचं मी कधी प्यायलो नाही. पण जे कुणाचंच नाही..."

मग ते हसले, मघासारखं दार धरून नाही, दार सोडून देऊन. "आणि डाव संपलेला नाही बरं का. आपण अजून जोडीदार. तुझा एक घोट बाकी आहे."

मेस्त्री जिन्यावरून खाली आले. त्यांच्या हातात लाल फीत बांधलेली चावी होती. आयुष्य शाईच्या वासात घालवलेला माणूस, त्याला बाकीचे वास लवकर कळतात. त्यांनी पालथा मग पाहिला. दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान खाली घातली नाही, हेच वाईट. मेस्त्रींनी फीत बोटाला गुंडाळली, उलगडली, आणि चावी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"उद्या बघू चावीचं," ते म्हणाले.

उद्या सकाळीच मेस्त्रींची गाडी होती, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. दाजी म्हणाले, "हो, उद्या बघू."

परतताना ताईच्या गल्लीचं वळण आलं तेव्हा दुर्री सरळ आपल्या खोलीकडे चालत राहिला आणि दाजीही काही न विचारता त्याच्या मागे आले. पांढऱ्या शर्टाची कॉलर अजून ताठ होती.

सकाळी तो एकटाच ताईकडे गेला. तिने साखळी न काढता दार हातभर उघडलं.

"आणलंस?"

"नाही ताई."

"बरं," ती म्हणाली. आत गेली, आणि फटीतून एकेक वस्तू बाहेर द्यायला लागली. दाढीचं सामान, दोन शर्ट, चष्म्याची डबी. आधीच काढून ठेवलेलं असावं, कारण शोधायला तिला वेळ लागला नाही. दुर्रीला वाटलं, पानाची गोष्ट हिला सांगावी. पण सांगायचं काय? की चूक त्यांची नाही, माझी? ते खरं होतं, आणि त्याने काहीही बदलणार नव्हतं. या घरातून तो कधी न खाता परतला नव्हता. त्या दिवशी ताईने "थांब, खाऊन जा" म्हटलं नाही. साखळीतून तेवढं मावत नव्हतं.

मशीनवर बाहेरून एक तरुण मुलगा आणला. राण्यांचे ओठ ओठांवर आहेत. दाजी डब्यांच्या खात्यात चार दिवस आले, मग यायचे बंद झाले. दुर्रीच्या खोलीत खिडकीशी बसून असतात. दुर्री कामावरून आला की ग्लास वर करून म्हणतात, "काय जोडीदार, डाव संपवायचा का?" दुर्री नको म्हणतो, चहा ठेवतो. दुर्री बोलेनासा झाला की ते स्वतःवर विनोद करतात. हात थरथरतो, विनोद अजून सरळ येतो. एकदा दुर्रीने विचारलं, पुन्हा सोडून बघायचं का? दाजी म्हणाले, "तेव्हा सोडली ती तुझ्या ताईसाठी. आता कुणासाठी सोडू, नाव सांग. तुझं नको सांगू, तू मला ओळखतोस."

दुर्री चहाचं आधण बघायला उठला.

मेस्त्रींचा फोन अधूनमधून येतो. दाजींचं विचारत नाहीत. विचारतात ते राजाचं.

"सापडला का रे?"

"शोधतोय मेस्त्री."

"शोध, शोध. घाई नाही. मला इथे काय उद्योग? एकट्यानेच पत्ते लावत बसतो. एक्क्यापासून चढत न्यायचे, चारही रंग. बाकी तिन्ही लागतात. बदामचा राणीपर्यंत येतो आणि तिथे बसतो. रोज तेच." मग ते हसतात. "दुसऱ्या कॅटमधला घाल म्हणते मुलगी. त्याला मिशी नाही म्हटलं, तो चालायचा नाही."

राजा दुर्रीच्या टेबलाच्या खणात आहे. एकदा शर्टाबरोबर पाण्यात गेला, मिशी थोडी पुसट झालीय, पण ओळखू येतो. पाकिटात घालून पाठवायला वेळ लागणार नाही. पाठवला की मेस्त्री विचारतील, होता कुठे. म्हणून तो खण उघडतो, पान बघतो, खण लावतो, आणि पुढचा कॅट उलगडून बघतो, चारही आहेत का.